गणपतीला गावी जाऊन माणूस दमतो का?

प्रश्न : आमचं गाव पोलादपूर तालुक्यात, आंबेनळी घाट चढायला लागतो त्या बाजूला. राहायला आम्ही भांडुपला. श्रावण लागला की माझं मन गावाकडेच. मखर कसं करायचं, मुलांना कपडे कुठले, गौरीला साडी कोणती, हेच विचार. त्या दिवसांत ऑफिसात कोणी काही बोललं तरी मला राग येत नाही. आणि प्रत्यक्ष गावी पाच दिवस काढून परत निघते तेव्हा मी इतकी चिडलेली असते, की गाडीत नवऱ्याशी, मुलांशी धड बोलत नाही. देवाचं करायला मला आवडतं, सासरची माणसंही वाईट नाहीत. मग आनंदाच्या सणात हा ताण येतो कुठून? आमच्या आजेसासूबाईंच्या काळी असं होत नसेल का?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : तुमच्या पत्रातली श्रावणाची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. सुट्टीचा आनंद सुट्टीच्या आधी जास्त असतो, हे नेदरलँड्समधल्या येरून नावाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली मोजून दाखवलं. त्यांनी १,५३० डच माणसांचा अभ्यास केला. त्यांतले ९७४ जण सुट्टीवर जाऊन आले. निघण्याआधी ही मंडळी घरीच राहणाऱ्यांपेक्षा जास्त खुशीत होती. परत आल्यावर दोन्ही गटांत फारसा फरक उरला नाही. ज्यांची सुट्टी ‘अगदी निवांत’ गेली, फक्त त्यांचा आनंद पुढे काही दिवस टिकला. नुसती ‘निवांत गेली’ म्हणणाऱ्यांनाही तो लाभ मिळाला नाही. आणि या डच लोकांना ना उकडीचे मोदक वळायचे होते, ना माणगावला गाड्यांच्या रांगेत तीन तास बसायचं होतं. तेव्हा श्रावणातली तुमची खुशी खरी आणि परतीची चिडचिडही खरी. तुमच्या स्वभावात खोट नाही.

ताण कुठून येतो, याचं उत्तर एका जुन्या यादीत बरंचसं सापडतं. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ घटना निवडल्या आणि प्रत्येकीला ताणाचे गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, लग्न ५०. नाताळ खालून दुसरा, अवघे १२ गुण. नाताळाच्या जागी आपण गणपती लिहू. म्हणजे सण स्वतः बिचारा निरुपद्रवी आहे, पण तो एकटा येत नाही. सुट्टीवर जाणं १३, कुटुंबाच्या गाठीभेटींतला बदल १५, खाण्याच्या सवयींतला बदल १५, झोपेतला बदल १६, सासरच्यांशी खटके २९. सणाचे १२ धरून बेरीज करून पाहा. बरोबर १०० भरते.

अशी बेरीज पाहून ते दोघे डॉक्टर कपाळाला हात लावतील. त्यांची यादी वर्षभराच्या उलथापालथीसाठी होती, आणि पाच दिवसांचं जागरण न् वैधव्य एका तागडीत घालणं बरोबरही नाही. पण यादीतली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. घटना चांगली की वाईट, हा प्रश्न तिच्यात नाहीच. घडी बदलली की ती पुन्हा बसवायला किती बळ लागतं, एवढंच ती विचारते. लग्नही यादीत आहे ते त्यासाठीच. पाच दिवसांत तुमचं अंथरूण बदलतं, पाणी बदलतं, उठायची वेळ बदलते, स्वयंपाकघराची मालकीण बदलते. सासरची माणसं चांगली असली म्हणून त्यांचा नळ आणि त्यांची शेगडी तुमच्या हाताच्या सवयीची होत नाही.

आता आजेसासूबाई. त्यांना ताण नव्हता असं म्हणणं म्हणजे त्यांच्या कष्टांवर पाणी ओतणं. पाणी विहिरीवरून, पीठ जात्यावरून, सरपण ओलं, आणि भाद्रपदात कणगी तळाला गेलेली. मुंबईहून मनीऑर्डर वेळेवर आली तर मखराला रंगीत कागद, नाही तर पानाफुलांवर भागवायचं. पण एक गोष्ट त्यांच्याकडे होती आणि ती तुमच्याकडे नाही : सवड. भाताची लावणी आषाढात आटोपलेली, बेणणीही उरकत आलेली, कापणीला अजून अवकाश. शेत माणसाला थोडं मोकळं सोडतं, नेमक्या त्याच दिवसांत गौरी-गणपती येतात. पंचांग आणि शेत एकदमच सुट्टी देत. तुम्हाला पंचांग देतं, ऑफिस देत नाही. मोजकी रजा, तिच्यातले दोन दिवस प्रवासात, आणि आरती चालू असताना साहेबांचा फोन. (आमच्या भागात रेंज नाही, ही कधी कधी गौरीचीच कृपा समजावी.)

मुंबईला गेलेल्या आधीच्या पिढ्यांनी ही सवड वेगळ्या रीतीनं मिळवली होती. गिरणगावात गावकीच्या खोल्या असत. एका गावचे गडी एका खोलीत, पाळीपाळीनं झोपायचे आणि खानावळीत जेवायचे. जुलै-ऑगस्टात संध्याकाळी चाळीच्या गच्चीवर नाही तर मोकळ्या जागेत जाखडीच्या तालमी सुरू व्हायच्या. शक्तीवाले आणि तुरेवाले एकमेकांना सवाल टाकायचे, पायांत चाळ बांधून गडी गोल फेर धरायचे. शहरातले लोक त्याला बाल्या नाच म्हणत. गावी जायची एसटी ग्रामस्थ मंडळ एकदम ठरवायचं. वर्गणी, सामान, भजनाची पेटी, कोण कुठल्या दिवशी निघणार, हे सगळं महिनाभर चार डोक्यांत वाटलेलं असायचं. म्हणजे त्या लोकांचा सण पाच दिवसांचा नव्हताच, तो दीड महिन्याचा होता. आणि डच संशोधकांनी आधीचा म्हणून जो आनंद मोजला, तो त्यांना सोबतीनं मिळत होता.

आज ते सगळं एका मोबाइलवर येऊन बसलंय, आणि बहुतेक घरांत तो मोबाइल बाईच्या हातात असतो. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी उघडतं. त्या सकाळी आठाला बोट तयार ठेवायचं, मिळालं तर वीर किंवा करंजाडीचं तिकीट, नाही तर एसटी, नाही तर खाजगी गाडी. पुढे मुलांच्या चाचणी परीक्षा, सासूबाईंच्या गोळ्या, दिव्यांच्या माळा, शेजारी देण्याची चावी. हे काम कोणाला दिसत नाही, म्हणून ते वाटलंही जात नाही. दृश्य कामाचे आकडे मात्र आहेत. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यातला वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटं निघाला, तर पुरुषांचा ९७. मुळात घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची संख्याही बायकांच्या मानानं फार थोडी. हे साध्या दिवसांचं गणित. ऋषीच्या भाजीसाठी अळू, माठ, भोपळा, शिराळी चिरून झाल्यावर आणि गौरीच्या तिखट्या सणाला वड्यांचा घाणा काढल्यावर हा आकडा कुठे जात असेल, ते तुम्हीच मला सांगा.

तेव्हा पहिलं काम : यंदा डोक्यातली यादी कागदावर उतरवा आणि भिंतीवर चिकटवा. ‘मला जरा मदत करा’ म्हणू नका. मदत म्हटलं की काम तुमचंच राहतं. ‘आरक्षण आणि परतीची गाडी तुझी, नारळ खवणं आणि पंगतीची भांडी या दोघांची’, असं नावानिशी लिहा.

दुसरं काम परतीचं, आणि माझ्या मते तुमची खरी दुखरी जागा तीच आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी १९९३ साली सहकाऱ्यांसह एक गमतीचा प्रयोग केला. लोकांना एक हात १४ अंशांच्या गार पाण्यात ६० सेकंद बुडवायला लावला. दुसरा हात त्याच पाण्यात ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, पण या वेळात पाणी हळूहळू १५ अंशांवर नेलेलं. यातलं कुठलं पुन्हा कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला, म्हणजे एकूण जास्त त्रासाचा प्रकार निवडला, कारण त्याचा शेवट थोडा सुसह्य होता. आठवण लांबी मोजत नाही. ती सगळ्यात तीव्र क्षण धरते आणि शेवट धरते. तुमच्या सणाचा शेवट कसा होतो? विसर्जनाहून ओल्या कपड्यांनी घरी, घाईत पिशव्या भरणं, रात्रीच निघणं, माणगाव-इंदापूरची कोंडी, पहाटे भांडुप आणि सकाळी डबा. पाच दिवसांतली सगळी गोडी या बारा तासांत नासते.

म्हणून विसर्जनाच्या रात्री निघू नका. एक रात्र थांबा. रजा वाढत नसेल तर जाण्याचा एक दिवस कमी करा, पण परतीचा करू नका. त्या मोकळ्या संध्याकाळी मखर आवरायचंही ठेवू नका, जावांनी-नणंदांनी ओटीवर बसून गप्पा माराव्यात. आणि भांडुपला पोहोचल्यावर निदान एक दिवस ऑफिस नाही, डबा नाही, धुणं नाही. मुलांना वडापाव चालतो.

प्रश्न : आम्ही गावातच राहतो, मी आणि सासूबाई दोघीच. मुंबईकर गणपतीला येतात, घर भरतं, बरं वाटतं. पण दोन दिवसांत माझं डोकं दुखायला लागतं. त्यांना सुट्टी असते, मला नसते. त्यातून सातबाऱ्याचा विषय निघतोच निघतो, आणि आरतीच्या आधी मोठे दीर आणि आमचे हे एकमेकांशी बोलायचे बंद झालेले असतात. हे सांगायचं कोणाला?
— एक वाचक, पोलादपूर तालुका

उत्तर : भांडुपच्या ताई आणि तुम्ही एकाच घरातल्या असाव्यात अशी मला शंका आहे. असाल तर हे पान एकमेकींना दाखवा.

वाड्यांमधली हातांची संख्या घटली, खाणाऱ्यांची घटली नाही. पूर्वी चाकरमानी म्हणजे एकटा गडी यायचा, आणि घरात चार सुना, आत्या, शेजारणी असायच्या. आता चाकरमानी अख्खं बिऱ्हाड घेऊन येतो आणि गावच्या घरात दोन बायका, त्यांतली एक सत्तरीची. तरी मनातला हिशोब जुनाच : गावची माणसं यजमान, मुंबईची पाहुणे. हा हिशोब मोडायला हवा. मला पटणारा उपाय रोखठोक आहे. पाच दिवसांतला एक अख्खा दिवस, शक्यतो गौरीच्या जेवणाचाच, मुंबईकरांनी पूर्ण उचलायचा. बाजार, चूल, पंगत, भांडी, सगळं. त्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, मीठ कमी पडलं तरी. हे सर्वांत कठीण तुम्हालाच जाईल, कारण हळद कुठल्या डब्यात आहे हे त्यांना ठाऊक नसतं आणि ती धडपड बाहेर बसून पाहवत नाही. डब्यांवर नावं लिहून ठेवा आणि फुगड्या घालायला जा.

सातबाऱ्याचं म्हणाल तर भावकी सगळी एकत्र सापडते ती याच दिवसांत, म्हणून विषय निघतो. त्यात कोणाचा दुष्टपणा नाही. पण गणपतीत काढलेला जमिनीचा विषय मार्गी लागत नाही, फक्त पेटतो. उतारे हातात नाहीत, पाच रात्रींचं जागरण झालेलं, आणि ऐकायला अख्खी वाडी. सासूबाईंच्या तोंडून पहिल्याच दिवशी जाहीर करवून घ्या, की जमिनीचं बोलणं मे महिन्यात, अमुक तारखेला, कागद समोर ठेवून. तारीख खरीच द्या. नुसतं ‘आत्ता नको’ म्हटलं तर भावांना वाटतं आपल्याला टाळलं जातंय, आणि ते खरंही असतं.

प्रश्न : माझं माहेर कापड्याच्या बाजूला, सासर वाईला. गौरीला मी आंबेनळीतून खाली उतरते. २०२१ पासून पाऊस लागला की माझ्या पोटात गोळा येतो. आठ दिवस आधीपासून झोप नाही. घरचे म्हणतात, देवाच्या कामाला जाताना असं वेडंवाकडं मनात आणू नये.
— एक वाचक, वाई

उत्तर : घरच्यांचा हेतू चांगला आहे, पण तुमच्या भीतीला मी वेडंवाकडं म्हणणार नाही. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळीयेवर डोंगर आला. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीत दरडी कोसळल्या. महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि ते पाणी सावित्रीनं खाली महाडात आणलं. आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणी तुटला, वाहतूक बंद पडली. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या गावांनी हेच पाहिलं होतं. हे ज्यांनी जवळून पाहिलं त्यांना पाऊस ऐकून भीती वाटते, कारण त्यांना माहिती आहे. माहितीला धीर देऊन गप्प करता येत नाही. तिला निर्णय लागतो.

आठ दिवसांची काळजी एका संध्याकाळीत कोंबता येते. निघण्याच्या आदल्या दिवशी सायंकाळी सहाची वेळ ठरवा. तोपर्यंत घाटाचा विचार करायचा नाही. सहाला हवामान खात्याचा रायगड आणि साताऱ्याचा इशारा पाहायचा, पोलादपूरला माहेरी फोन करून रस्ता चालू आहे का ते विचारायचं, आणि निर्णय करायचा. नियम आधीच लिहून ठेवा : लाल किंवा नारिंगी इशारा असेल तर आंबेनळी नाही, अंधार पडल्यावर आंबेनळी नाही, धुकं उतरलं असेल तर वाडा-कुंभरोशीच्या पुढे खाली उतरायचं नाही. दुसरा रस्ताही आधी ठरवा. कराड-पाटणवरून कुंभार्ली घाट, चिपळूण, खेड आणि मग कशेडीतून पोलादपूर. किंवा पुण्यावरून ताम्हिणी, माणगाव, महाड. दोन्ही लांब आहेत आणि पावसाळ्यात त्यांचीही चौकशी करावीच लागते. तिसराही निर्णय तयार हवा : यंदा जायचंच नाही. आईला तो श्रावणातच सांगून ठेवा, म्हणजे आयत्या वेळी फोनवर रडारड होणार नाही. गौर दरवर्षी येते.

तुमच्या पत्रात नाही, तरी याला लागून एक लिहितो. या खोऱ्यात अशीही घरं आहेत जिथे सण आला की गेलेल्या माणसांची पानं मोजली जातात. तिथे ‘आता सावरा, सण आहे’ असं म्हणत जाऊ नये. आपल्याकडे रीत आहे, की दुःख झालेल्या घरी पहिल्या दिवाळीला फराळाची कढई चढत नाही, शेजारी आणि सोयरे आपल्या घरचा नेऊन देतात. मला ही रीत फार शहाणी वाटते. त्या घरानं आनंदी दिसलं पाहिजे असा आग्रह तिच्यात नाही, आणि त्या घराला सणातून वगळलेलंही नाही. गणपतीतही तसंच करावं. मोदक घेऊन जावं, थोडं बसावं, आणि ते लोक बोलले तर बोलावं.

प्रश्न : आमचा गणपती पाच दिवसांचा, गौरी नाहीत. सगळ्यांचीच दमछाक होते. दीड दिवसाचा केला तर चालेल का? भावकीत विषय काढायची माझी हिंमत होत नाही.
— एक वाचक, महाड

उत्तर : चालेल. भाद्रपद शुद्ध चतुर्थीचं पार्थिव गणेशपूजन मुळात एका दिवसाचं व्रत आहे. दीड, पाच, सात, दहा हे आपापल्या घराण्याचे पायंडे. गौरी असत्या तर गोष्ट वेगळी होती, कारण गौरी असलेल्या घरचा गणपती बहुधा गौरीबरोबर जातो. तुमच्याकडे ती अडचण नाही.

फक्त मखरासमोर हा विषय काढू नका. तिथे प्रत्येकाला आपले आजोबा आठवतात. २०२६ ची चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे. म्हणजे दीड दिवस केला तर मंगळवारी विसर्जन, बुधवारी प्रवास आणि गुरुवारी माणूस कामावर. हे रजेचं गणित मे महिन्यात भावकीसमोर ठेवा, मुंबईकरांची अर्धी मतं तिथेच मिळतील. उरलेल्यांसाठी थोरल्या काकूंना पुढे करा. काका विरोध करतील, पण पाच दिवसांचा स्वयंपाक काकूंनी केलेला असतो.